ओकानोगन काउंटीत जमीन पारखताना: अकरा महिन्यांच्या नोंदी

आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेल येथे राहतो. घरात नवरा, मी आणि दोन मुले. थोडी जमीन घेऊन तिच्यावर भाजी, फळझाडे, कोंबड्या असे स्वतःपुरते पिकवावे आणि मोठ्या आपत्तीत तिथे आसराही घेता यावा, अशा दुहेरी हेतूने ओकानोगन काउंटी पारखायला आम्ही निघालो, त्याचे हे टिपण आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. असाच शोध घेणाऱ्यांना आमच्या चुका उपयोगी पडाव्यात म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. मागाहून कळलेले शहाणपण आधीच्या तारखांत घुसडलेले नाही, त्यामुळे सुरुवातीची काही मते पुढे खोडली गेलेली दिसतील.

२४ नोव्हेंबर २०२४

१९ तारखेच्या वादळाने पश्चिम वॉशिंग्टनमधील लाखो घरांची वीज गेली आणि आमच्या घरी ती परत यायला चार दिवस लागले. शेगडी विजेची, घर गरम ठेवणारे यंत्र विजेचे, इतकेच काय, गॅरेजचे दारही विजेचे. पहिल्या रात्री आमच्याकडे दोन मेणबत्त्या, मुलांचा एक खेळातला टॉर्च आणि अर्धे पिंप तांदूळ होते, पण ते शिजवण्याचे साधन नव्हते. माझे बालपण आटपाडीजवळच्या खेड्यात गेले. तिथे दिवसातले आठ तास वीज नसणे ही बातमी नसे, आणि तरी कोणी उपाशी झोपत नसे. जमीन घेण्याची चर्चा आमच्यात तीन वर्षे चालू होती. या चार दिवसांनी ती कागदावर आली.

८ डिसेंबर २०२४

राज्याच्या पूर्व भागातील पाच काउंट्यांचा गुणतक्ता तयार केला. लोकसंख्येची घनता, जमिनीचा भाव, विजेचा दर, पर्जन्यमान, रुग्णालये, भूकंप, पूर, वणवा आणि बॉथेलपासूनचे अंतर असे नऊ रकाने, प्रत्येकाला भारांक. आपत्तींचे आकडे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जोखीम निर्देशांकातून घेतले, मातीचे आकडे कृषी खात्याच्या माती सर्वेक्षणाच्या नकाशातून. दोन्ही फुकट मिळतात. या कामात तीन रविवार गेले.

ओकानोगन पहिली आली. क्षेत्रफळाने ही राज्यातील सर्वांत मोठी काउंटी आहे. आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकवस्ती केवळ ४२ हजारांच्या आसपास. ओमॅक, टोनास्केट आणि ब्रूस्टर या तीन गावांत प्रत्येकी एक लहान रुग्णालय आहे. सफरचंद, नाशपाती आणि चेरी यांच्या बागांचा हा जुना मुलूख. तक्ता पाहून आम्ही फार खूश झालो, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

१८ जानेवारी २०२५

पहिली फेरी, आणि मुद्दाम हिवाळ्यात. हा निर्णय योग्य होता. बाकी तयारी चुकली.

नकाशात काउंटीच्या पश्चिम भागातील मेथाऊ खोऱ्याला जाणारा सर्वांत जवळचा रस्ता नॉर्थ कॅस्केड्स महामार्गाचा दिसतो, आणि आमच्या तक्त्यातील अंतर मी त्यावरूनच मोजले होते. हा महामार्ग १९७२ मध्ये खुला झाला तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यांत हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे काही महिने बंदच असतो. म्हणजे तक्त्यातील अंतर वर्षातले जेमतेम सात-आठ महिने खरे. आम्ही स्टीव्हन्स खिंडीतून वेनाचीमार्गे वळसा घालून गेलो आणि सहा तासांनी पोहोचलो.

दुसरी चूक सरासरीची. कोलंबिया नदीकाठी ही काउंटी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे आणि पश्चिमेची शिखरे ८,००० फुटांच्या वर जातात. मेथाऊ खोऱ्यातील विन्थ्रॉप आणि मझामा येथे ३० डिसेंबर १९६८ रोजी उणे ४८ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ४४ सेल्सिअसच्या खाली तापमान नोंदले गेले, आणि राज्यातील नीचांकाचा तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. त्याच काउंटीत नदीकाठी जर्दाळू पिकतात. या दोन्ही जागांना मी एकच गुण दिला होता. थंड हवा रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे शंभर फूट उंचीच्या फरकाने फळझाड जगते किंवा मरते, हे तिथल्या एका वयस्क बागायतदाराने हाताने चढ-उतार दाखवून सांगितले. त्याच्या मते बाग तळातही लावू नये आणि माथ्यावरही. मधल्या सपाटीवर लावावी.

२ फेब्रुवारी २०२५

गावाकडच्या आमच्या अण्णांना फोनवर सगळे सांगितले. त्यांनी पाऊस किती ते विचारले. ओमॅकला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर, तेही बरेचसे बर्फाच्या रूपात, असे सांगितल्यावर ते हसले. "अगं, एवढ्या लांब जाऊन तू परत माणदेशच शोधलास होय?" म्हणाले. गोष्ट खरी आहे. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना माण, खटाव, आटपाडी जसे सह्याद्रीच्या आडोशाला कोरडे राहतात, तसेच समुद्रावरून येणारे ढग कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि ओकानोगनला उरलेसुरले मिळते.

तक्त्यात पर्जन्यमानाला शंभरात आठ गुणांचा भारांक होता. दुष्काळी भागात वाढलेल्या मुलीने हे करावे याची लाज वाटली. भारांक बदलण्याऐवजी तक्ताच बाजूला ठेवला.

१५ मार्च २०२५

गेले पाच आठवडे पाण्याच्या कायद्यात गेले. जमीन पाहण्याआधी हे करायला हवे होते.

या राज्यात जमिनीसोबत पाणी आपोआप मिळत नाही. १९१७ च्या कायद्याने नद्या-ओढ्यांचे आणि १९४५ च्या कायद्याने भूजलाचे नियमन होते, आणि तत्त्व असे की ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी. टंचाईत नंतरच्याचे पाणी आधी तोडले जाते. अण्णा आटपाडीच्या पाणी परिषदांना जात असत, जिथे भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान पाणी ही मागणी होती. त्यांना हे तत्त्व मी दोनदा समजावून सांगितले. त्यांना ते कळले, पटले मात्र नाही.

घरगुती बोअरला परवान्यातून सूट आहे: घरासाठी दिवसाला ५,००० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १९,००० लिटर, आणि विक्रीसाठी नसलेल्या बागेला किंवा हिरवळीला अर्ध्या एकरापर्यंत पाणी. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्स्ट खटल्यात, नव्या बोअरमुळे ज्येष्ठ, म्हणजे आधीच्या, हक्कांना धक्का लागत नाही ना, हे काउंट्यांनी स्वतः तपासले पाहिजे असा निकाल दिला आणि ग्रामीण भागातील बरीच बांधकामे अडली. २०१८ च्या कायद्याने त्यातून वाट काढली. त्यानुसार ओकानोगन नदीच्या खोऱ्यात नव्या घरगुती बोअरला ५०० डॉलर शुल्क आणि वार्षिक सरासरीने दिवसाला ३,००० गॅलनची मर्यादा लागते. मेथाऊ खोऱ्याचे नियम निराळे आणि अधिक कडक आहेत. काउंटी एकच, पण पाण्याचे कायदे दोन; इथेच माझ्या मनातून 'काउंटी पारखणे' हा शब्दप्रयोग गळू लागला.

अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. भाजी, कोंबड्या आणि डझनभर झाडे यांना ते पुरेसे आहे. पण आमच्या मनात दीड एकर जर्दाळू लावून फळे विकण्याचे होते. ते सूट मिळालेल्या बोअरवर बसत नाही, त्यासाठी स्वतंत्र पाणीहक्क किंवा सिंचन मंडळाचे पाणी लागते. शिवाय परवान्यातून सूट म्हणजे ज्येष्ठतेच्या क्रमातून सूट नव्हे. आजच्या बोअरचा क्रमांक रांगेत शेवटचाच असतो.

एक दिलाशाची बाब: छतावरचे पावसाचे पाणी घरी साठवायला राज्याने २००९ पासून परवान्याची अट ठेवलेली नाही. ३०० मिलिमीटरच्या मुलखात त्याने टाकी फारशी भरणार नाही, तरी मी ते लिहून ठेवले.

२६ एप्रिल २०२५

रिव्हरसाइड गावाच्या पश्चिमेच्या डोंगरात वीस एकरांची जागा पाहिली. उतार हिरवागार, पिवळ्या रानसूर्यफुलांनी भरलेला, आणि मधून खळाळता ओढा. मुले तासभर पाण्यातून बाहेर आली नाहीत. बोअर आधीच मारलेले, ३४० फूट खोल. बोअर मारणाऱ्याने राज्याकडे दाखल केलेली नोंद राज्याच्या पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिच्यात मिनिटाला २० गॅलन पाणी लिहिलेले. विक्रेत्याच्या दलालाने शिवाय ओढ्यावरचा शतकभर जुना पाणीहक्क जमिनीसोबत येतो असे सांगितले.

आम्ही इसार देऊन टाकला. तपासणीसाठी ४५ दिवसांची मुदत घेतली.

१७ मे २०२५

जेसीबी भाड्याने आणून सांडपाणी मुरवण्याच्या शोषचरासाठी तीन खड्डे घेतले, ६५० डॉलर. दोन ठिकाणी अडीच फुटांवर खडक लागला, तिसऱ्या ठिकाणी माती पुरेशी खोल होती. घर कुठे बांधायचे हे सांडपाणी कुठे मुरते यावर ठरते, दृश्य कुठून चांगले दिसते यावर नाही. आम्ही मनात बांधलेले घर ओढ्याकाठून उचलून रस्त्याकडेला आणावे लागले.

वकिलाकडून कागदपत्रांचा शोध घेतला, ९०० डॉलर. त्यात पाणीहक्काचा फुगा फुटला. या राज्यात पुरेशा कारणाविना सलग पाच वर्षे न वापरलेला पाणीहक्क गमावला जातो, आणि ओढ्यातून शेताला पाणी दिल्याची कोणतीही खूण गेल्या वीस वर्षांच्या हवाई छायाचित्रांत नव्हती. कागदावर हक्क होता. वकिलाच्या शब्दांत सांगायचे तर त्याची किंमत फ्रेम करून भिंतीवर लावण्याइतकी. वहिवाटीचा रस्ता मात्र नोंदलेला आणि पक्का निघाला. हा शोध इसारापूर्वी घ्यायला हवा होता, हे वेगळे सांगायला नको.

७ जून २०२५

आजची नोंद वणव्याची आहे आणि ती लांब होणार.

जोखीम निर्देशांकात या काउंटीपुढे वणव्याचा धोका चढा दाखवलेला होता, पण नऊ रकान्यांपैकी एक म्हणून मी त्यावरून पुढे गेले होते. आता घटना क्रमाने वाचल्या. जुलै २०१४ मध्ये विजा पडून पेटलेल्या चार आगी एकत्र येऊन कार्लटन वणवा झाला. अडीच लाखांहून अधिक एकर जळाले, सुमारे तीनशे घरे गेली, आणि १७ जुलैच्या संध्याकाळी पटेरोस गाव काही तासांत रिकामे करावे लागले. पुढच्याच महिन्यात त्या जळक्या उतारांवर जोराचा पाऊस पडला आणि चिखलाचे लोंढे रस्त्यांवर व घरांवर आले. २०१५ मध्ये ओकानोगन वणव्यात सुमारे तीन लाख एकर जळाले आणि १९ ऑगस्टला ट्विस्पजवळ तीन अग्निशामकांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये ओमॅकजवळ पेटलेली आग वाऱ्याने दक्षिणेकडे धावत कोलंबिया नदी ओलांडून पलीकडच्या काउंटीत गेली. नदी ओलांडणाऱ्या आगीपुढे आमच्या ओढ्याचा काय पाड?

हे वाचून जागेवर पुन्हा गेलो, या वेळी दृश्य पाहायला नव्हे. रस्ता साडेतीन मैलांचा, एकेरी रुंदीचा, आणि शेवट बंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचे. खालच्या वळणावर दोन्ही बाजूंना दाट पाइन वृक्ष. एप्रिलमध्ये मोहात पाडणारे ते हिरवे गवत आता कमरेएवढे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच पिवळे पडू लागलेले.

तिथे स्थलांतराच्या सूचना तीन पातळ्यांत दिल्या जातात: पहिली सावध राहण्याची, दुसरी सामान बांधून तयार राहण्याची, तिसरी तत्क्षणी निघण्याची. खाली राहणाऱ्या शेजारणीने सांगितले की मोबाइलला दरीत संकेत मिळत नाही, त्यामुळे तिच्यापर्यंत पहिली पातळी कधी पोहोचतच नाही. ती धुराचा वास आणि गाड्यांची वर्दळ यांवर चालते. तिचे घर मात्र पाहण्यासारखे होते. पत्र्याचे छत, भिंतीलगत पाच फूट फक्त खडी, हवेच्या झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी, तीस फुटांत गवत कापलेले, झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या, सरपण घरापासून लांब रचलेले. घरे बहुधा ज्वालांच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि ठिणगीला पन्हळीतली वाळकी पाने पुरतात. हे काम ती दरवर्षी मे महिन्यात पुन्हा करते आणि त्यात तिचे चार शनिवार जातात.

१९ जुलै २०२५

विम्यासाठी पाच ठिकाणी विचारणा केली. तिघांनी नकार दिला. कारण असे निघाले की ही जागा कोणत्याही अग्निशमन मंडळाच्या हद्दीत नाही. सीमा खालच्या वळणावर संपते. राज्याचे वनरक्षक रानातील आग विझवतात, पण पेटलेले घर विझवणे हे त्यांचे काम नव्हे. चौथ्याने सांगितलेला हप्ता बॉथेलच्या घराच्या तिपटीहून अधिक होता; पाचव्याने उत्तर दिले नाही. मंडळाची हद्द काउंटीच्या नकाशावर दोन मिनिटांत दिसते. माझे तीन आठवडे गेले.

मधल्या काळात ओमॅकच्या पूर्वेची दुसरी एक जागा पाहून सोडून दिली. ती कॉलव्हिल जमातींच्या राखीव प्रदेशाच्या हद्दीत होती. हा प्रदेश १८७२ मध्ये आखला गेला आणि नंतर त्याचा उत्तर भाग काढून घेतला गेला. आतल्या काही जमिनी खासगी मालकीच्या आहेत आणि त्यांची खरेदी-विक्री कायदेशीर आहे. तरी तिथे पाणी, बांधकाम आणि अधिकारक्षेत्र यांबाबत जमातींचे शासन, काउंटी आणि केंद्र सरकार असे तीन पदर येतात. ते उलगडण्याइतका वेळ आमच्याकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडून इतके काढून घेतले गेले त्यांच्या उरलेल्या हद्दीत आपण 'आपत्तीतला आसरा' शोधावा, हे नवऱ्याला आणि मला दोघांनाही रुचले नाही.

१६ ऑगस्ट २०२५

अण्णांनी फेब्रुवारीतच सांगितले होते: "पाणी बघायचं तर मे महिन्यात बघ. पावसाळ्यात काय, दगडालाबी पाणी सुटतं." तिथला मे म्हणजे इथला ऑगस्ट-सप्टेंबर, हे गणित करायला मला चार महिने लागले. जूनमध्ये तपासणीची मुदत संपत आली तेव्हा १,५०० डॉलर परत न मिळण्याच्या अटीवर भरून ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवून घेतली होती. या टिपणातील सर्वांत चांगला खर्च तोच ठरला, जरी तो बुडाला.

ओढा कोरडा होता. ओलसरही नव्हता; तळाचे गोटे चटके देत होते. एप्रिलमधले पाणी वितळत्या बर्फाचे होते.

बोअरवर चार तासांची उपसा चाचणी लावली, ७२५ डॉलर. पहिली वीस मिनिटे मिनिटाला ११ गॅलन पाणी आले, तासाभरात ५, आणि अडीच तासांनी पंप हवा ओढू लागला म्हणून बंद करावा लागला. पाणी पुन्हा वर चढण्याचा वेग मोजून भरवशाचा उपसा मिनिटाला एक गॅलनहूनही कमी ठरला. नोंदीतले २० गॅलन खोटे नव्हते. बोअर मारणाऱ्याने मे महिन्यात, तासाभराच्या हवेच्या दाबाने जे पाणी बाहेर फेकले गेले ते मोजून लिहिले होते. नोंदीच्या खालच्या कोपऱ्यात चाचणीचा प्रकार, कालावधी आणि तारीख तिन्ही होते. मी फक्त आकडा वाचला. हे पाणी कातळाच्या भेगांमधले आहे; भेगांत साठलेले आधी येते आणि मग खडक जेवढे पाझरेल तेवढेच.

न्यायाने सांगायचे तर मिनिटाला एक गॅलन म्हणजे दिवसाला १,४४० गॅलन, साडेपाच हजार लिटरच्या जवळपास. मोठी टाकी बांधली तर एवढ्यावर घर आरामात चालते, आणि त्या डोंगरांत अनेकांची चालतात. पण वीस गुंठ्यांची बाग ऑगस्टमध्ये चालत नाही, आणि वणव्याच्या वेळी टाकी भरलेली ठेवायची की झाडांना द्यायची हा प्रश्न नेमका त्याच महिन्यात येतो. जागा सोडली.

३० ऑगस्ट २०२५

दोन आठवडे निराशेत गेल्यावर जुना तक्ता पुन्हा उघडला, आणि त्यातली खरी चूक दिसली. ती भारांकांत नव्हती. दोन वेगळे प्रश्न मी एका तक्त्यात कोंबले होते.

आम्हाला ज्या मोठ्या आपत्तीची धास्ती आहे ती म्हणजे समुद्रतळाशी असलेल्या कॅस्केडिया भेगेवरचा भूकंप. असा शेवटचा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. त्याची तारीख जपानच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या त्सुनामीच्या तिथल्या नोंदींवरून ठरवता आली. तो पुन्हा झाला तर पूल पडतील, खिंडीतले रस्ते दरडींखाली जातील, आणि चारशे किलोमीटरवरची आमची जमीन कितीही सुपीक असली तरी आम्ही बॉथेलमध्येच अडकलेले असू. आम्ही आधीपासून तिथे राहत असू तरच ती जमीन आसरा ठरेल. मग तिथे वणवा, धूर आणि हिवाळा या तिथल्या आपत्ती आहेत, आणि त्यांच्यासाठी तयारी तिथे करावी लागेल. भूकंपातूनही तो मुलूख पूर्ण सुटलेला नाही. १४ डिसेंबर १८७२ चा मोठा भूकंप दक्षिणेला एंटियाट-शेलान भागातच झाला होता.

म्हणून कामाची दोन भागांत वाटणी केली. बॉथेलच्या घरासाठी राज्याच्या सल्ल्याप्रमाणे दोन आठवड्यांची सोय: चौघांना दररोज माणशी एक गॅलन म्हणजे ५६ गॅलन पाणी, बाहेर चालवायची गॅसची शेगडी, औषधे, गरम पाण्याची टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधणे. हे सारे एका शनिवार-रविवारी आणि ४०० डॉलरच्या आत झाले. गेल्या नोव्हेंबरच्या वादळात आम्हाला एवढेच लागले असते. नवऱ्याने हौशी रेडिओचा परवानाही काढला. परीक्षेत ३५ प्रश्न, २६ बरोबर लागतात, त्याचे ३३ आले आणि ते तो कोणाला विसरू देत नाही.

जमीन आता केवळ राहण्यासाठी पाहायची. निकषही तीनच उरले: सर्वांत कोरड्या महिन्यातले पाणी, बाहेर पडायला दोन रस्ते, आणि अग्निशमन मंडळाची हद्द. यांतला एक जरी पुरा होत नसेल तर जागेवर जायचेच नाही.

२० सप्टेंबर २०२५

टोनास्केटच्या दक्षिणेला नदीच्या वरच्या मधल्या सपाटीवर सात एकर. दिसायला सामान्य: जुनी, निम्मी उपटलेली सफरचंदाची बाग, विटक्या रंगाचे लहान घर, समोर डांबरी रस्ता, मागे कच्चा पाणंद रस्ता जो दुसऱ्या बाजूने महामार्गाला मिळतो. सिंचन मंडळाचे पाणी उन्हाळ्यात मिळते आणि त्याची पट्टी दरवर्षी भरलेली आहे. पावत्या मी स्वतः पाहिल्या. रुग्णालय दहा मिनिटांवर, अग्निशमन केंद्र चार मैलांवर. विमा दोन ठिकाणी मिळतो. मुलांना जागा आवडली नाही, कारण ओढा नाही.

एक फजिती. शेजारच्या बागायतदाराला भेट म्हणून आमच्या परसातली सफरचंदे घेऊन गेलो होतो. पिशवी पाहताच तो दोन पावले मागे सरला. बॉथेलचा भाग सफरचंदातील अळीच्या माशीसाठी निर्बंधित आहे आणि घरगुती फळे तिथून कीडमुक्त फळपट्ट्यात नेण्यास मनाई आहे. तसे फलक महामार्गावर लावलेले असतात आणि आम्ही ते आठ महिन्यांत कितीतरी वेळा ओलांडले होते. पिशवी न उघडता दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून परत आणली. सफरचंदावर पोट असलेल्या गावात पाऊल टाकण्याची ही रीत नव्हे. तरी त्याने चहा दिला आणि बोअरची जागाही दाखवली.

११ ऑक्टोबर २०२५

चार तासांची उपसा चाचणी सप्टेंबरच्या अखेरीस केली, पुन्हा ७२५ डॉलर. १२० फुटांच्या बोअरमधून मिनिटाला साडेचार गॅलन, आणि शेवटच्या दोन तासांत पातळी हलली नाही. नदीने आणून टाकलेल्या वाळू-खडीतले हे पाणी आहे, त्याचा स्वभाव कातळातल्या पाण्याहून निराळा. प्रयोगशाळेचा अहवाल ३१० डॉलरला: आर्सेनिक लिटरला ६ मायक्रोग्रॅम, मर्यादा १०, युरेनियम ९, मर्यादा ३०, नायट्रेट ३ मिलिग्रॅम, मर्यादा १०. जुन्या बागांच्या वरच्या मातीत शिशाच्या आणि आर्सेनिकच्या फवारण्यांचे अवशेष असतात, कारण १९४० च्या दशकापर्यंत सफरचंदांवर तेच औषध वापरले जाई. त्यामुळे भाजीच्या जागेची माती वेगळी तपासायला दिली आहे. अहवाल वाईट आला तर भाजी बाहेरची माती आणून उंच वाफ्यांत करावी लागेल.

लगेच विकत घेतलेली नाही. मालक हिवाळाभर घर भाड्याने द्यायला तयार झाला असून मार्चअखेर ठरलेल्या किमतीला घेण्याचा पहिला हक्क आमचा आहे. नवऱ्याचे काम घरून चालते, माझे अर्धे चालते. मुलांची शाळा हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि थोरली त्यावर आमच्याशी बोलत नाही.

आजवरचा खर्च: फेऱ्या आणि मुक्काम २,१४०, खड्डे ६५०, वकील ९००, दोन उपसा चाचण्या १,४५०, पाणी तपासणी ३१०, बुडालेली मुदतवाढ १,५००. एकूण ६,९५० डॉलर. पहिला इसार परत मिळाला.

बर्फापूर्वी उरलेली कामे: बोअरच्या तोंडाचे झाकण सैल आहे, ते बदलायचे, पन्हळी साफ करायच्या, घराला चिकटून रचलेले जुने सरपण तीस फूट लांब हलवायचे, वाळलेली पाइनची चार कॉर्ड (सरपण मोजण्याचे तिथले माप) लाकडे मागवायची, कारण आत्ता तोडलेले ओले लाकूड पुढच्या हिवाळ्याशिवाय जळणार नाही. अण्णांना चाचणीचे आकडे कळवले. त्यांनी लिटरमध्ये करून मागितले, म्हणून मिनिटाला सतरा लिटर असे सांगितले; त्यावर त्यांनी विचारले की मोटर किती अश्वशक्तीची आहे. ते पाहायचे राहिले आहे.